एस्तेरबाई आणि बाबांचं एक वाक्य

आमच्या घरात सगळ्यांची नावं शास्त्रातली, म्हणजे बायबलातली होती. बाबा याकोब, आई मार्था आणि मी रूथ. ही नावं मुळात कुणाची, हा प्रश्न मला तेराव्या वर्षापर्यंत पडला नाही. बाबा नागपुरातल्या एका लहानशा मराठी मंडळीचे पाळक होते आणि चर्चच्या आवारातच चिंचेच्या झाडाखाली आमचं कौलारू घर होतं. सकाळी पाचला बाबांच्या खाकरण्याचा आवाज यायचा, मग त्यांची एकट्याची प्रार्थना, मग आईचा पाटा-वरवंटा. रविवारी मटणाचा मसाला वाटला जायचा. चर्च आणि स्वयंपाकघर यांच्यात वीसेक पावलांचं अंतर, त्यामुळे शेवटचं गीत सुरू होईपर्यंत तो वास खिडक्यांतून आत शिरलेला असायचा. पेटीवाले काका मग आपोआप लय वाढवत आणि मंडळी वेळेच्या आधी आमेन म्हणून मोकळी होई. आता नागपुरातच मनीषनगरात सहाव्या मजल्यावर मी राहते, खालून गाड्यांचे हॉर्न येत असतात, पण रविवारी अकराच्या सुमारास मला अजूनही तो वास येतो.

बाबा मूळचे नागपूरजवळच्या मौद्याकडचे, धानशेती करणाऱ्या घरातले. आजोबा ख्रिस्ती झाले, तरी शेत होतंच, आणि दरवर्षी तिकडून तांदळाचं एक पोतं आमच्याकडे यायचं. बाबांच्या भाषा दोन होत्या. व्यासपीठावर ते पुस्तकी बोलत, घरात मौद्याचं. आवाज मोठा, माणूस मऊ. त्यांची प्रवचनं दर आठवड्याला नवी असत, फक्त उत्तम शुक्रवारचं, म्हणजे गुड फ्रायडेचं, सोडून. ते त्यांनी पाळकीच्या शिक्षणाच्या वेळी लिहून काढलं होतं आणि दरवर्षी तेच वाचत. त्यात क्रुसाच्या वर्णनानंतर ते थांबत, चष्मा काढत आणि म्हणत, "यहूद्यांनी आपल्या तारणाऱ्याला ठार मारलं, आणि ते रक्त आजही त्यांच्या माथी आहे." बायका उसासे टाकत. मी लहानपणी त्या वाक्याची वाट पाहत असे, अंगावर काटा यायचा म्हणून. यहूदी म्हणजे कोण, असं मला कुणी विचारलं असतं तर मी गोष्टीतल्या राक्षसांच्या रांगेत त्यांना बसवलं असतं. ते कुठेतरी राहतात, भाजी आणतात, सर्दीनं बेजार होतात, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

आमच्या घरामागे दोन खोल्या रिकाम्या होत्या. तिथे एस्तेरबाई राहायला आल्या. त्या नर्स होत्या, कोकणातून बदली होऊन नागपूरच्या एका दवाखान्यात आलेल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पांढरीशुभ्र साडी. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. एस्तेर हे नाव ऐकूनच बाबांनी खोल्या दिल्या. आपल्यातलीच बाई, असं सगळ्यांनी धरलं. पण दोन रविवार झाले तरी बाई चर्चमध्ये दिसल्या नाहीत. तिसऱ्या रविवारी बाबा चौकशीला गेले, मी त्यांच्या मागे.

"बाई, प्रार्थनेले दिसल्या नाही तुम्ही. तब्येत बरी हाय ना?"

"तब्येत उत्तम आहे," एस्तेरबाई म्हणाल्या. "पण मी ख्रिस्ती नाही हो. आम्ही बेने इस्राएल. यहूदी म्हणा ना."

बाबांनी अगदी हळू विचारलं, "म्हणजे अब्राहामाच्या वंशातले?"

"हो. आजोबांच्या आजोबांच्या आजोबांचे ते आजोबा," बाई हसत म्हणाल्या. "फार पूर्वी आमच्या लोकांचं गलबत कोकणच्या किनाऱ्यावर फुटलं, तेव्हापासून आम्ही तिथलेच. आत या, चहा घ्या."

घरी आल्यावर बाबा लहान मुलासारखे झाले होते. ज्या पुस्तकावर त्यांनी आयुष्य काढलं, त्या पुस्तकातलं माणूस लोखंडी ट्रंक घेऊन आपल्या मागच्या खोलीत राहायला आलं होतं आणि मराठीत बोलत होतं. आई मात्र भाकरी थापता थापता म्हणाली, "पण यहूदी म्हणजे तेच ना वो, ज्यायनं आपल्या प्रभूले..." बाबांनी तिला पुढे बोलू दिलं नाही. आणि तरी कपाटातल्या त्या उत्तम शुक्रवारच्या प्रवचनाच्या कागदांची त्यांना तेव्हा आठवण झाली नाही. हे मला पुढे कितीतरी वर्षं कळत नसे. आता कळतं. आपण रोज म्हणतो त्या वाक्यांचा अर्थ आपल्याला सर्वांत शेवटी ऐकू येतो.

माझं त्यांच्याकडे जाणं-येणं सुरू झालं. त्यांच्या दाराच्या चौकटीवर एक लहानशी तिरकी डबी ठोकलेली होती. आत-बाहेर करताना त्या तिला बोटं लावून ओठांना लावत. आत देवाच्या एकपणाचं वचन लिहिलेला चामड्याचा तुकडा आहे, म्हणाल्या. शुक्रवारी दुपारपासून त्यांची लगबग असे. दोन दिवसांचं रांधून ठेवायचं, कारण शनिवार त्यांचा शब्बाथ, त्या दिवशी चूल पेटवायची नाही. नारळाच्या दुधातली मासळी, पातळ सोलकढी, तांदळाच्या भाकऱ्या. मटणाबरोबर दूध-दही कधीच नाही. सूर्य मावळायच्या आत काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल, त्यात वात. ती लावून त्या डोळ्यांवर हात धरून काहीतरी पुटपुटत. आईला ते थंड जेवण मुळीच पटेना. "बिमार माणसावानी शिळं खाऊन राहिली बिचारी," असं म्हणत शनिवारी ती आमच्याकडची केळी नाहीतर पेरू माझ्या हाती पाठवी. आधी फक्त फळं जात. मग फळांबरोबर निरोप जाऊ लागले. मग एक दिवस आई स्वतःच गेली आणि दोन तासांनी परत आली.

आमच्या बैठकीच्या खोलीत येशूचं कॅलेंडर होतं. सोनेरी केस, निळे डोळे. एस्तेरबाईंनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, "हे कुठले? आमच्याकडचे दिसत नाहीत."

मी म्हटलं, "बाई, हे येशू. तुमच्याकडचे कसे असतील?"

"अगो, मग कुणाकडचे? त्यांची आई मिर्याम, तुम्ही मरीया म्हणता ती, आमचीच मुलगी. आठव्या दिवशी त्यांची सुंता झाली, देवळात नेलं, शब्बाथ पाळला, सण पाळले. ती माउलीसुद्धा शुक्रवारी अशीच दिवा लावत असेल." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आम्ही त्यांना मसीहा मानत नाही. ते तुमचं. पण पोर आमच्या घरातलं होतं, एवढं तरी म्हणू दे."

मी धावत जाऊन बाबांना विचारलं, येशू यहूदी होते का. बाबा म्हणाले, "होय, होतेच ना." इतकं सहज. मला राग आला. इतकी मोठी गोष्ट कुणी मला आजवर सांगितली कशी नाही?

बाबा आणि बाई यांच्या गप्पा ओट्यावर होत. शनिवारी ड्यूटी लागली तर बाई जात. बाबांनी विचारलं, शब्बाथाला काम कसं चालतं? त्या म्हणाल्या, जीव वाचवायचा असेल तिथे शब्बाथ आडवा येत नाही, असं आमचे जुने गुरुजी सांगून गेलेत. बाबा खुर्चीत पुढे सरकले. "अहो, हे तर आमचे प्रभू म्हणाले होते." "म्हणाले असतील," बाई शांतपणे म्हणाल्या, "गुरुजी चांगले मिळाले असतील त्यांना." बाबा खूप हसले. आमेन, हालेलूया, होसान्ना हे शब्द ते बाईंच्या तोंडून मूळ उच्चारात पुन्हा पुन्हा ऐकत आणि मौद्याच्या जिभेनं गिरवत.

असं वर्ष सरत आलं आणि उत्तम शुक्रवार आला. त्या वर्षी तीन तासांच्या उपासनेत मला एकटीला गीत म्हणायचं होतं. महिनाभर मी तयारी केली होती आणि बाईंच्या मागे लागले होते, तुम्ही यायचंच. त्यांच्या वल्हांडणाच्या सणाचे दिवस होते, तरी त्या म्हणाल्या, "बरं. गाण्यापुरती येते." मी घरी कुणाला सांगितलं नाही. एप्रिलचं ऊन, बाहेर रस्ता पांढरा पडलेला, आत पंखे गरम वारा फिरवत होते. चर्च भरलं होतं. प्रवचन सुरू झाल्यावर बाई आल्या आणि शेवटच्या बाकावर कडेला बसल्या. मी समोर गायकांत उभी, मला त्या नीट दिसत होत्या. बाबांचं डोकं कागदावर होतं.

ते क्रुसाच्या वर्णनापाशी आले आणि थांबले. त्यांनी चष्मा काढला. तेव्हा, त्या एका श्वासात, पुढे काय येणार हे मला कळलं. मला ओरडावंसं वाटलं, पण चर्चमध्ये मुलींनी ओरडायचं नसतं. बाबा त्यांच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "यहूद्यांनी आपल्या तारणाऱ्याला ठार मारलं, आणि ते रक्त आजही त्यांच्या माथी आहे." चष्म्याशिवाय त्यांना शेवटचा बाक दिसत नव्हता. बायकांनी उसासे टाकले. एस्तेरबाईंनी मान खाली घातली नाही. त्यांनी आपलाही चष्मा काढला, पदरानं पुसला, सावकाश पुन्हा लावला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

माझं गीत त्यानंतर होतं. कसं म्हटलं ते आठवत नाही. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग त्या उठल्या आणि त्या पांढऱ्या उन्हात निघून गेल्या.

उपासना संपल्यावर शमुवेलकाका घरी आले. ते मंडळीचे सर्वांत जुने पंच. बाबा लिंबूपाणी पीत होते. "पाळकसाहेब, यंदा तर डोळ्यात पाणी आणलं तुम्ही," काका म्हणाले. मी दारात उभी राहून रडायला लागले. बाबांनी विचारलं, "काहून रडून राहिली वं रुथी? गाणं चांगलं झालं ना."

"एस्तेरबाई आल्या होत्या," मी म्हटलं. "मीच बोलावलं होतं. त्यांनी सगळं ऐकलं."

बाबांनी पेला खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला सांगता येत नाही. घरातला माणूस एकाएकी अनोळखी दिसावा तसं. शमुवेलकाका म्हणाले, "मग काय झालं? शास्त्रात हाय तेच बोलले तुम्ही. तिले लागलं तर लागलं." आईनं उपास सोडायला खिचडी वाढली, ती तशीच राहिली. उन्हं कलली तेव्हा ते उठले, पायांत चपला न घालताच निघाले. मी मागे गेले, त्यांनी मला परत पाठवलं नाही.

बाई दिव्याची तयारी करत होत्या. त्यांनी बाबांना आत या म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. बाबा उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"बाई, ते वाक्य माझं नव्हतं," ते म्हणाले. "शिकत होतो तेव्हा कोणी सांगितलं, म्या उतरवून घेतलं. वीस वर्षं वाचून राहिलो."

"मग आज का वाचलंत?" बाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "वर्षभर तुम्ही माझ्याकडे चहा प्यालात."

बाई पेल्यात तेल ओतत राहिल्या. मग म्हणाल्या, "पाळकसाहेब, माझं सगळं आयुष्य याच देशात गेलं. शेजारी हिंदू, मुसलमान, कोळी, आगरी. आमच्या जातीवरून कुणी चेष्टा केली असेल, पण दगड कुणी मारला नाही. परदेशात आमच्या लोकांचं काय झालं ते पेपरात वाचलं, आणि ते याच वाक्यापासून सुरू झालं असंही वाचलं. पण ते कानांनी कधी ऐकलं नव्हतं. आज पहिल्यांदा ऐकलं. तेही तुमच्या तोंडून."

बाबा रडत होते. मी त्यांना त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. "मले माफ करा," ते म्हणाले.

"आमच्यात एक रीत आहे," बाई म्हणाल्या. "ज्याचं मन दुखवलं त्याच्याकडेच माफी मागायची. देवसुद्धा मधे पडत नाही. तुम्ही आलात, माझ्यापुरतं झालं. पण ते वाक्य तुम्ही एकट्या मला म्हणाला नव्हता. तिथे लेकरं बसली होती." एवढं बोलून त्यांनी वात लावली आणि डोळ्यांवर हात धरले. बाबा तिथेच उभे राहिले, दिवा लागेपर्यंत आणि त्यानंतरही थोडा वेळ.

पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या, रविवारी चर्चमध्ये फुलं होती, नवे कपडे होते. बाबा व्यासपीठावर गेले आणि म्हणाले की वीस वर्षं मी तुम्हाला एक खोटं सांगितलं. येशू यहूदी, त्याची आई यहूदी, पहिले शिष्य यहूदी, ज्या रात्री तो धरला गेला त्या रात्रीचं जेवणसुद्धा यहूद्यांच्या सणाचं. त्याला मारलं ते सत्तेनं आणि भीतीनं, आणि ती भीती त्याच्या मित्रांच्याही पोटात होती, माझ्याही आहे. एका सबंध लोकसमूहाच्या माथी रक्त लावायचा अधिकार मला कुणी दिला नव्हता. माझ्या आवारात राहणाऱ्या बाईंची मी माफी मागितली आहे, आता तुमची मागतो. हे सगळं ते त्या दिवशी पुस्तकी भाषेत बोललेच नाहीत, मौद्याच्या भाषेत बोलले. पुढच्या रांगेतून शमुवेलकाका उठले आणि बाहेर गेले.

मंगळवारी पंच आमच्या बैठकीच्या खोलीत जमले. मागच्या खोल्या रिकाम्या करा, असं त्यांचं म्हणणं. बाबा म्हणाले, "रिकाम्या करायच्या तर हे घर बी त्यात धरा मग." आई चहा घेऊन आली. ती पंचांसमोर कधी बोलत नसे. शमुवेलकाकांना कप देता देता तिनं विचारलं, "भाऊजी, तुमचं नाव कोणं ठेवलं?"

"बापानं," काका म्हणाले.

"त्याईले कुठून भेटलं? कोणाच्या पुस्तकातून?"

काकांनी कप घेतला आणि बशीत ओतून चहा प्यायला सुरुवात केली. कुणी काही ठरवलं नाही. आमच्या मंडळीत न ठरलेली गोष्ट म्हणजे तशीच राहिलेली गोष्ट. एस्तेरबाई तिथेच राहिल्या. शमुवेलकाका मात्र वर्षभर प्रभुभोजनाचा पाव वाटायच्या आधी उठून जात. बाबा त्यांच्या घरी चार वेळा गेले, दोनदा त्यांनी दार उघडलं.

पुढच्या वर्षी उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, बाईंच्या वल्हांडणाची दुसरी रात्र होती; पहिल्या दोन्ही रात्री तेच जेवण आणि तीच गोष्ट असते. आई त्यांच्या स्वयंपाकघरात बसून बघत होती. नुसतं पीठ आणि पाणी, मीठसुद्धा नाही, आणि समोर घड्याळ. कणीक फुगायच्या आत भाजली गेली पाहिजे, कारण मिसरातून, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून, पळताना त्यांच्या पूर्वजांना पीठ आंबवायला वेळ नव्हता. आई म्हणाली, "म्हणजे प्रभूच्या त्या जेवणात पाव नसन."

"कसा असेल? या दिवसांत पाव घरात ठेवत नाहीत."

आई विचारात पडली. आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला, म्हणजे त्या जेवणाची आठवण म्हणून वाटायला, बेकरीतला पाव येई, सुरीनं चौकोनी तुकडे केलेला, कारण गोऱ्या साहेबांच्या काळापासून तसाच येत होता. आणि आम्ही घरोघरी रोज न आंबवलेली पोळी खात होतो. आईनं विचारलं, "आमच्यासाठी दोन लाटून द्याल?"

बाईंनी मान हलवली. "तुमच्या पूजेसाठी मी नाही करणार मार्थाबाई. राग मानू नका, ते माझं नाही. पण तुम्ही करा, मी बघते नीट होतात की नाही." आईनं राग मानला नाही. घरी येऊन तिनं घड्याळ समोर ठेवून पोळ्या केल्या. त्या संध्याकाळी उपासनेत बाबांनी पोळी उचलून मोडली तेव्हा तिचा कडकन आवाज मागच्या बाकापर्यंत गेला. शमुवेलकाका उठण्याच्या बेतात होते. ते बसले. ताट त्यांच्यापाशी आलं तेव्हा त्यांनी बराच वेळ त्या तुकड्याकडे पाहिलं आणि घेतला.

उपासना लवकर संपली. मी मागच्या खोल्यांकडे गेले. दार उघडं होतं. बाई पाटावर एकट्या बसल्या होत्या. समोर त्या कोरड्या पोळ्या, खजुराचं दाट सार, गुलामीची कडू आठवण म्हणून कडुनिंबाची कोवळी पानं आणि मनुका भिजवून काढलेलं सरबत. मी विचारलं, सुरू काहून नाही केलं?

"या सणात घरातलं सगळ्यात लहान माणूस प्रश्न विचारतं," त्या म्हणाल्या. "मग मोठ्यांनी गोष्ट सांगायची. हे गेल्यापासून मीच विचारते, मीच सांगते. आज विचारायलाच जीव होईना."

"काय विचारायचं असतं?"

त्यांनी मला हिब्रूत म्हणून दाखवलं, मग अर्थ सांगितला. ते शब्द माझ्या जिभेवर येईनात. तोवर आई-बाबाही दारात आले होते. बाई त्यांना म्हणाल्या, या, भुकेल्यानं आत यावं अशीच आजची रीत आहे. आई बसली. बाबा भिंतीशी मांडी घालून बसले, हात जोडून, मंडळीतल्या कुणा नवख्या माणसासारखे. आयुष्यभर ज्या जेवणाबद्दल ते बोलत आले होते तिथे ते पहिल्यांदाच ऐकायला बसले होते. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मला येत होतं तसं विचारलं,

"बाई, आजची रात्र बाकीच्या रात्रींहून वेगळी काहून आहे?"

एस्तेरबाईंनी डोळे पुसले, पाठ ताठ केली आणि म्हणाल्या, "ऐक बाय. आपण मिसरात गुलाम होतो." आपण म्हणाल्या त्या, आम्ही नाही म्हणाल्या. आणि गोष्ट सुरू झाली.